ऑस्ट्रेलियाचे कंट्री क्रिकेट : घटते खेळाडू आणि आखूड होत चाललेले सामने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑस्ट्रेलियात मोठ्या शहरांबाहेरच्या गावांमध्ये आणि छोट्या शहरांमध्ये दर शनिवारी जे क्रिकेट खेळले जाते, त्याला तेथे ‘कंट्री क्रिकेट’ म्हणतात. व्हिक्टोरिया राज्यातील अशाच एका लहान क्लबचा चिटणीस म्हणून मी काही वर्षे काम पाहत आहे. महाराष्ट्रातून इकडे राहायला आलेली मंडळी आणि फोनवर चौकशी करणारे नातेवाईक मला जे प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

कंट्री क्रिकेट म्हणजे इंग्लंडमधील काउंटी क्रिकेट का?

नाही. नावे ऐकायला सारखी असल्यामुळे हा गोंधळ फार जणांचा होतो. काउंटी क्रिकेट हे इंग्लंडमधील व्यावसायिक, प्रथम दर्जाचे क्रिकेट आहे. कंट्री क्रिकेट हे ऑस्ट्रेलियातील हौशी खेळाडूंचे, वर्गणी भरून खेळायचे क्रिकेट आहे. दहा-बारा गावांचे क्लब मिळून एक जिल्हा संघटना होते, तिच्या वर राज्याची संघटना आणि सर्वांत वर क्रिकेट ऑस्ट्रेलिया. प्रत्येक क्लबचे एक ते चार संघ असतात आणि त्यांना पहिली, दुसरी, तिसरी ग्रेड असे म्हणतात. पहिल्या ग्रेडमध्ये उत्तम खेळाडू असतात आणि शेवटच्या ग्रेडमध्ये शाळकरी मुले, त्यांचे वडील आणि गुडघे दुखत असूनही मैदान न सोडणारी ज्येष्ठ मंडळी असतात. मोसम ऑक्टोबर ते मार्च असा चालतो आणि नाताळच्या सुमारास मध्ये दोन-तीन आठवड्यांची सुटी असते.

हे क्रिकेट एवढे महत्त्वाचे का मानले जाते?

कारण ऑस्ट्रेलियन क्रिकेटचे मूळ तेथे आहे. डॉन ब्रॅडमन यांचा जन्म १९०८ साली कूटामुंड्रा येथे झाला आणि ते बाउरल या गावात वाढले. १९२५-२६ च्या मोसमात बाउरलकडून खेळताना त्यांनी विंगेलो गावाच्या संघाविरुद्ध २३४ धावा काढल्या, आणि त्या संघात पुढे कसोटी गाजवणारे बिल ओरायली गोलंदाजी करत होते. पुढे देशाकडून खेळलेले ग्लेन मॅग्रा नॅरोमाइनचे, डग वॉल्टर्स डनगॉगचे, ॲरन फिंच कोलॅकचे, जॉश हेझलवूड टॅमवर्थ परिसरातील, नेथन लायन यांचा जन्म यंग गावचा. फिलिप ह्यूज मॅक्सव्हिल गावच्या केळीच्या शेतावर वाढले. वागा वागा या एका शहराशी मार्क टेलर, मायकेल स्लेटर आणि जेफ लॉसन या तिघांचे नाते आहे.

याहून जुना एक धागा मराठी वाचकांना जवळचा वाटेल. १८६८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ आदिवासी खेळाडूंचा होता आणि त्यातील बहुतेक जण पश्चिम व्हिक्टोरियातील मेंढपाळीच्या मुलखातून आलेले होते. या संघाने ४७ सामने खेळले, त्यांपैकी १४ जिंकले, १४ हरले आणि १९ अनिर्णित राहिले. संघातील सर्वोत्तम खेळाडू जॉनी मुल्लाघ दौऱ्यानंतर परत येऊन हॅरो या लहानशा गावाच्या क्लबकडून अनेक वर्षे खेळत राहिले. त्यांच्या नावाचे पदक २०२० पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) कसोटीतील सामनावीराला दिले जाते. त्याचे पहिले मानकरी अजिंक्य रहाणे होते. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दमध्ये जन्मलेल्या खेळाडूच्या गळ्यात हॅरोच्या खेळाडूचे पदक पडले, हे इकडच्या लोकांना सांगताना मला फार आनंद होतो. हॅरोचे नाव त्यांना ठाऊक असते. आश्वीचे मी सांगतो.

दोन शनिवारांचा सामना म्हणजे काय?

ही कंट्री क्रिकेटची पारंपरिक पद्धत आहे. पहिल्या शनिवारी दुपारी साधारण एक वाजता खेळ सुरू होतो आणि संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत एक संघ फलंदाजी करतो. षटकांची मर्यादा बहुधा ६५ ते ८० च्या दरम्यान असते. दुसरा संघ पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर फलंदाजीला येतो. पहिल्या डावाच्या आघाडीवर सामन्याचा निकाल लागतो, आणि दोन्ही डावांत प्रतिस्पर्ध्याला बाद करून निर्विवाद विजय मिळवला तर जादा गुण मिळतात. मधल्या सहा दिवसांत गावाच्या किराणा दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत त्या अर्ध्या सामन्याची चर्चा चालू असते. एके काळी याहूनही लांब सामने होत. वर उल्लेख केलेल्या मोसमात बाउरल आणि मॉस व्हेल यांच्यातील अंतिम सामना लागोपाठ पाच शनिवार चालला आणि त्यात ब्रॅडमन यांनी त्रिशतक झळकावले.

खेळाडू खरोखरच कमी झाले आहेत का? अधिकृत आकडे तर लाखांत असतात.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या २०१५-१६ च्या गणनेत क्रिकेटमध्ये सहभागी होणाऱ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक दाखवली होती. परंतु अशा गणनेत शाळांमधील उपक्रमांत भाग घेतलेली मुलेही धरलेली असतात. शाळेच्या पटांगणावर काही आठवडे प्लास्टिकची बॅट हातात धरणारे मूल आणि सहा महिने दर शनिवारी साठ किलोमीटर गाडी चालवून सामन्याला जाणारा खेळाडू एकाच बेरजेत आले, तर त्या बेरजेवरून गावाच्या क्लबची प्रकृती कळत नाही.

गावात ती कळण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. पूर्वी चार संघ उतरवणारा क्लब आज दोन उतरवतो, दहा क्लबांच्या संघटनेत सहा उरतात आणि शेजारच्या जिल्ह्याची संघटना हिच्यात विलीन होते. आमच्याकडे मला आणखी एक खूण सापडली आहे. हिवाळ्यात याच मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉल (अंडाकृती चेंडूचा इथला वेगळा खेळ) खेळला जातो, त्यामुळे मध्यभागी असलेली काँक्रीटची खेळपट्टी मातीने झाकून टाकलेली असते. फुटबॉलचा मोसम संपला की सप्टेंबरअखेर एका रविवारी श्रमदान असते. फावड्यांनी ती माती काढायची, हातगाडीने बाजूला टाकायची, काँक्रीट धुवायचे आणि त्यावरच्या कृत्रिम गवताच्या मॅटच्या कडा तपासायच्या. वीस माणसे आली तर दोन तासांत काम संपते आणि नंतर शेगडीवर सॉसेज भाजले जातात. गेल्या श्रमदानाला आम्ही सात जण होतो आणि माती काढता काढता संध्याकाळ झाली. त्या मोसमात आम्हाला तिसरा संघ उतरवता आला नाही, आणि ते मला त्या रविवारीच कळून चुकले होते.

खेळाडू कमी होण्याची कारणे कोणती?

पहिले आणि सर्वांत मोठे कारण क्रिकेटचे नाहीच. ते गावाचे आहे. शेते मोठी झाली, यंत्रे मोठी झाली आणि पूर्वी ज्या जमिनीवर पाच कुटुंबे राहत होती तेथे आता एक कुटुंब राहते. बारावी झालेली मुले विद्यापीठासाठी किंवा नोकरीसाठी मेलबर्न, सिडनी, ॲडलेड गाठतात. जाणारा मुलगा अठरा वर्षांचा असतो, म्हणजे नेमका पहिल्या ग्रेडमध्ये पाय रोवण्याच्या वयाचा. तो परत आला तर तिशीनंतर येतो, आणि तोवर त्याची खेळाची सवय सुटलेली असते.

दुसरे कारण शनिवार. कंट्री क्रिकेटचा सारा डोलारा शनिवार दुपारच्या सुटीवर उभा होता. दुपारी दुकाने बंद झाली की गाव मैदानावर येई. व्हिक्टोरियात १९९६ मध्ये दुकानांच्या वेळांवरील बहुतेक बंधने उठली आणि इतर राज्यांतही हळूहळू तेच घडले. आज सुपरमार्केट, रुग्णालय, वृद्धाश्रम, खाणी आणि हॉटेले शनिवार-रविवारच्या पाळ्यांवर चालतात. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याला दोन लागोपाठ शनिवारांचे वचन देता येत नाही.

घरातील कामाची वाटणीही बदलली आहे आणि ती बदलायलाच हवी होती. पूर्वी बाप दुपारभर मैदानावर असे, आई मुले सांभाळून वर चहापानाच्या वेळी सँडविच आणि केक घेऊन येई. त्या व्यवस्थेत खेळ चालत होता तो बायकांच्या न मोजलेल्या श्रमांवर. आता दोघेही नोकरी करतात, शनिवारी मुलांचे पोहणे आणि बास्केटबॉल असते, आणि वडिलांनी अर्धा दिवस घराबाहेर राहावे की नाही याचा विचार दोघे मिळून करतात. खेळाडू कमी झाल्याचे दुःख मला आहे, पण हा बदल मागे फिरावा असे मला कधीही वाटणार नाही.

यानंतर फुटबॉल. ग्रामीण व्हिक्टोरियात फुटबॉल आणि नेटबॉल (बास्केटबॉलसारखा, मुख्यतः मुली-बायकांचा खेळ) यांचा क्लब एकच असतो, त्यामुळे संपूर्ण कुटुंब एकाच ठिकाणी एकत्र येते. तेथे चांगल्या खेळाडूला सामन्यागणिक मानधन मिळते, तर क्रिकेट क्लबला खेळाडूकडून उलट वर्गणी घ्यावी लागते. फुटबॉलची पूर्वतयारी आता नोव्हेंबरपासूनच सुरू होते. दोन्ही खेळ खेळणारा मुलगा पूर्वी सहा महिने एक आणि सहा महिने दुसरा खेळत असे. आता त्याला उन्हाळ्यातही आठवड्यातून दोन संध्याकाळी फुटबॉल क्लबवर धावायला जावे लागते.

गव्हाच्या पट्ट्यातील क्लबांना सुगीचाही विचार करावा लागतो. पश्चिम व्हिक्टोरियातील विमेरा आणि मॅली भागांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गहू, बार्ली काढणीला येतात. हार्वेस्टर सुरू झाला की पाऊस यायच्या आत पीक आत आणायचे असते. हे पूर्वीही होते. फरक इतकाच की पूर्वी शेतावर चार भाऊ होते आणि त्यांतील दोघांना सोडता येत असे.

याशिवाय क्रिकेट महाग आहे. बॅट, पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि त्यात क्लबच्या वर्गणीबरोबर विमा व पंचांचे मानधन हे सारे मिळून एका कुटुंबातील दोन मुलांचा खर्च फुटबॉलच्या बुटांच्या कितीतरी पट होतो.

तिसरी ग्रेड बंद पडली तर एवढे काय बिघडते? पहिला संघ तर शाबूत राहतो.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बिघडते ते येथेच.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी सराव झाल्यावर क्लबच्या खोलीतील पांढऱ्या फळ्यावर संघ लिहिले जातात. पहिली ग्रेड लगेच भरते. दुसऱ्या ग्रेडचे आठ-नऊ जण लागतात. तिसऱ्या ग्रेडच्या रांगेत पाच नावे असतात आणि खाली सहा रिकाम्या ओळी. मग फोन सुरू होतात. कोणाचा मेहुणा पाहुणा आला आहे, कोणाचा मुलगा चौदा वर्षांचा झाला आहे, कोणी तीन वर्षांपूर्वी खेळणे सोडले होते पण ‘फारच अडचण असेल तर सांगा’ असे म्हणाला होता. बहुतेक संघटनांच्या नियमांनुसार किमान सात जण असल्याशिवाय सामना सुरू करता येत नाही. शुक्रवारी रात्री सहावर आकडा थांबला तर सामना सोडून द्यावा लागतो आणि गुण समोरच्या गावाला जातात. त्याहून वाईट म्हणजे, जमवलेल्या त्या सहा जणांना ‘उद्या येऊ नका’ असे सांगावे लागते. असे दोनदा झाले की त्यांतील निम्मे जण परत येत नाहीत.

या तिसऱ्या ग्रेडमध्ये काय घडते ते एका प्रसंगाने सांगतो. दोन मोसमांपूर्वी आमच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा नवव्या क्रमांकावर फलंदाजीला आला. दुसऱ्या टोकाला त्याचे वडील होते. गोलंदाजीला समोरच्या गावाचे पन्नाशी ओलांडलेले एक दूध-व्यावसायिक होते. त्यांनी मुलाकडे पाहिले, काही न बोलता रनअप चार पावलांनी कमी केला आणि चेंडू पुढे, पूर्ण टप्प्याचा टाकला. मुलाने तो सरळ बॅटने थांबवला. त्या षटकात धाव निघाली नाही. षटक संपल्यावर गोलंदाज जाता जाता त्याला म्हणाले, ‘पाय चांगला आला पुढे.’ पुढच्या षटकात वडिलांनी धाव घ्यायला हाक मारली, मुलगा नको म्हणाला आणि वडील परत फिरता फिरता धावबाद झाले. घरी जाईपर्यंत गाडीत त्या धावेवर चर्चा झाली असणार. तो मुलगा आता दुसऱ्या ग्रेडमध्ये तिसऱ्या क्रमांकावर खेळतो.

चौदा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत हे शिकायला मिळत नाही, कारण तेथे सगळेच चौदा वर्षांचे असतात. पहिल्या ग्रेडमध्येही मिळत नाही, कारण तेथे कोणी रनअप कमी करत नाही. मुलगा आणि मोठी माणसे यांच्यामधला जिना म्हणजे तिसरी ग्रेड. ती बंद झाली की सतरा वर्षांखालील मुलाला थेट दुसऱ्या ग्रेडमध्ये ढकलावे लागते. तेथे तो दोन-तीन वेळा शून्यावर बाद होतो, सीमारेषेवर एकटा उभा राहतो आणि पुढच्या मोसमात येत नाही. पहिल्या संघाला त्याची झळ आज लागत नाही. पाच-सहा वर्षांनी लागते, आणि तेव्हा उपाय करायला उशीर झालेला असतो. शिवाय पंच, गुणलेखक, खेळपट्टीची काळजी घेणारे, खजिनदार ही सारी मंडळी बहुधा तिसऱ्या ग्रेडमधील खेळाडूंतूनच मिळतात.

सामना आखूड केल्याने वेळ वाचतो का?

अपेक्षेपेक्षा कमी. प्रत्येकी ४० षटकांचा एकदिवसीय सामना म्हणजे एका दुपारी ८० षटके. दोन शनिवारांच्या सामन्यातील एका दिवसाचाही हिशेब जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे त्या शनिवारचे तास फारसे वाचत नाहीत. वाचते ते पुढच्या शनिवारचे बंधन. ज्याची पाळी बदलते, ज्याच्या मुलीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, त्याला ‘आजच्यापुरता ये’ असे सांगता येते. खालच्या ग्रेडमधील एकदिवसीय सामन्यांनी काही क्लबांना तग धरता आला तो या सोयीमुळे.

त्याच दिवशी फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण दोन्ही करायला मिळते, हाही मोठा लाभ आहे. दोन शनिवारांच्या सामन्यात पहिल्या चेंडूवर बाद झालेला सलामीवीर उरलेली दुपार खुर्चीवर काढतो आणि पुढचा शनिवार पूर्ण उन्हात क्षेत्ररक्षण करतो. पहिल्या ग्रेडचा जिद्दीचा खेळाडू हे सोसतो. चाळिशीचा हौशी माणूस का सोसेल?

खरा वेळ वाचतो तो टी-ट्वेन्टीमध्ये. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते आणि डिसेंबरमध्ये साडेआठनंतरही उजेड राहतो, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू केलेला सामना दिव्यांशिवाय पूर्ण होतो. ज्या राज्यांत घड्याळ पुढे करत नाहीत, जसे क्वीन्सलँड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, तेथे ही सोय नाही.

आखूड सामन्यांनी खेळाचा दर्जा घसरतो का?

काही बाबतींत होय, आणि ते मान्य करायला हवे. एकदिवसीय सामन्यात एका गोलंदाजाला आठ किंवा नऊ षटके मिळतात. फिरकी गोलंदाज मुलाला फलंदाज वाचायला, मार खाऊन परत चेंडू उंच सोडायला आणि सापळा रचायला लागणारा अवधी तेवढ्यात मिळत नाही. कर्णधार चार षटकांनंतर त्याला काढतो. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाला मोसमभरात मोजकेच चेंडू खेळायला मिळतात. चाळीस षटके खेळपट्टीवर टिकून राहायचे असते, ही कल्पनाच अनेक मुलांना नवी वाटते.

पण खेळाचे स्वरूप कायम एकच होते, हा समजही बरोबर नाही. १९७८-७९ च्या मोसमापर्यंत ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचे असे आणि कसोटी सामनेही तसेच खेळले जात. नारळाच्या काथ्याच्या चटईवरून आपण कृत्रिम गवतावर आलो. पाच शनिवारांचा अंतिम सामना आज कोणालाही परवडणार नाही. खेळ बदलतच आला आहे. प्रश्न एवढाच की बदल कोणाच्या सोयीने आणि कोणत्या ग्रेडमध्ये करायचा.

लहान मुलांच्या सामन्यांत खेळपट्टीसुद्धा आखूड का केली आहे?

क्रिकेट ऑस्ट्रेलियाने २०१७-१८ च्या सुमारास देशभर लागू केलेल्या पद्धतीत दहा वर्षांखालील मुले १६ मीटरच्या खेळपट्टीवर सात-सातच्या संघांनी खेळतात आणि बारा वर्षांखालील मुले १८ मीटरच्या खेळपट्टीवर नऊ-नऊच्या संघांनी. मोठ्यांची खेळपट्टी २०.१२ मीटरची असते. नऊ वर्षांच्या मुलाला एवढ्या अंतरावर चेंडू टाकायचा तर तो हवेत फेकावा लागतो, त्यामुळे वाइड आणि दोन टप्प्यांचे चेंडू वाढतात, फलंदाजाला मारण्याजोगा चेंडू मिळत नाही आणि क्षेत्ररक्षक गवत उपटत बसतात. अंतर कमी केल्यावर चेंडू सरळ येतो, फटके बसतात, झेल उडतात. सुरुवातीला जुन्या मंडळींनी खूप विरोध केला आणि त्यांत मीही होतो. दोन रविवार सकाळी सामने पाहिल्यावर माझे मत बदलले. छोट्या गावाला यात आणखी एक फायदा आहे: अकरा मुले जमत नाहीत, सात जमतात.

मुली आणि स्त्रियांच्या क्रिकेटने ही घट भरून निघते का?

घट भरून काढण्याचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहणे मला रुचत नाही. महिला बिग बॅश लीग ही ऑस्ट्रेलियातील टी-ट्वेन्टी स्पर्धा २०१५-१६ मध्ये सुरू झाली, आणि ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नमध्ये महिला टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा ऑस्ट्रेलिया-भारत अंतिम सामना ८६,१७४ प्रेक्षकांनी पाहिला. त्यानंतर छोट्या शहरांमध्येही मुलींचे संघ उभे राहिले आहेत. त्यांचे सामने बहुतांशी आखूडच असतात आणि सोयीच्या वेळी ठेवलेले असतात. अडचण आहे ती सुविधांची. जुन्या पॅव्हिलियनमध्ये कपडे बदलायला एकच खोली असते आणि तिला नीट दार नसते. ज्या गावांनी आधी दार बसवले, तेथे मुली टिकल्या.

उष्णता आणि वणव्यांचा परिणाम होतो का?

होतो आणि तो वाढत आहे. बहुतेक संघटनांनी तापमानाच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. त्या ओलांडल्या की खेळ थांबतो किंवा रद्द होतो. दोन शनिवारांच्या सामन्यातील एक शनिवार असा गेला तर उरलेल्या दिवशी घाईघाईने एकदिवसीय सामना उरकावा लागतो. शिवाय गावातील तरुण बहुधा स्वयंसेवी अग्निशमन दलातही असतात, व्हिक्टोरियात कंट्री फायर ऑथॉरिटीचे आणि न्यू साउथ वेल्समध्ये रूरल फायर सर्व्हिसचे. पेजर वाजला की ते मैदानातून थेट निघतात. २०१९-२० च्या वणव्यांच्या उन्हाळ्यात अनेक ठिकाणी धुरामुळे आठवडेच्या आठवडे खेळ झाला नाही, आणि त्याच मोसमाच्या शेवटी कोविडमुळे ठिकठिकाणचे अंतिम सामने रद्द झाले. त्या वर्षी सुटलेली सवय काहींना पुन्हा लागली नाही.

दोन गावांचे क्लब एकत्र केले तर प्रश्न सुटतो का?

संघ पूर्ण होतो, पण माणसे बेरजेइतकी राहत नाहीत. पंधरा अधिक पंधरा म्हणजे तीस न होता बावीस-तेवीस होतात, कारण ज्या गावाचे मैदान बंद पडते तेथील काही जणांना अर्धा तास लांब जाऊन खेळणे नको असते. टोपीचा रंग कोणता, नावात आधी कोणते गाव, वार्षिक जेवण कुठे, या गोष्टी बाहेरच्याला क्षुल्लक वाटतील, पण ज्याच्या आजोबांचे नाव भिंतीवरील लाकडी सन्मानफलकावर सोनेरी अक्षरांत आहे त्याला त्या क्षुल्लक नसतात. माझे मत असे की एकत्र यायचेच असेल तर दोन्ही क्लबांमध्ये थोडीफार ताकद असतानाच यावे आणि दोन्ही मैदानांवर आलटून पालटून सामने ठेवावेत.

भारतातून आलेल्या खेळाडूंमुळे फरक पडला आहे का?

फार मोठा. २०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक होते. नोव्हेंबर २०१९ पासून मोठ्या शहरांबाहेर राहून काम करण्याच्या अटीवर मिळणारा ४९१ क्रमांकाचा व्हिसा सुरू झाला. त्यामुळे परिचारिका, डॉक्टर, स्वयंपाकी, अभियंते आणि विद्यार्थी छोट्या शहरांमध्ये आले. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर क्रिकेट खेळलेले आहे. आमच्या जिल्ह्यात एक-दोन क्लब आज उभे आहेत ते पंजाबी, मल्याळी, तमिळ, श्रीलंकन आणि थोड्याफार मराठी खेळाडूंमुळे.

अडचणीही आहेत. आलेल्यांपैकी पुष्कळ जण शनिवारी काम करतात, त्यांना दोन शनिवारांचा सामना जमत नाही, म्हणून ते आपले स्वतंत्र रविवारचे टी-ट्वेन्टी संघ काढतात. परिणामी एकाच गावात शनिवारच्या क्लबला खेळाडू मिळत नाहीत आणि रविवारी त्याच मैदानावर जागा पुरत नाही. दोष कोणा एकाचा नाही. जुन्या क्लबने फक्त ‘या, सभासद व्हा’ असे म्हणून भागत नाही. सामन्यानंतर बिअर न पिणाऱ्याला काय द्यायचे आणि शेगडीवर शाकाहाऱ्यासाठी वेगळी जागा ठेवायची का, याचाही विचार करावा लागतो. आलेल्यांनीही केवळ शनिवारी येऊन खेळून न जाता एखाद्या श्रमदानाला फावडे हातात घेतले की दोन्हीकडचा संकोच एका सकाळीत जातो.

आपल्या गावाकडील टेनिस बॉलच्या स्पर्धांना माणसांची कमतरता नसते. तसे येथे का होत नाही?

काही प्रमाणात होतेही. क्वीन्सलँडमधील चार्टर्स टॉवर्स या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावात जानेवारीच्या शेवटच्या लांबलचक सुटीत ‘गोल्डफील्ड ॲशेस’ भरते. तीन दिवस, दोनशेहून अधिक संघ, आणि गावातील मैदाने पुरत नाहीत म्हणून आसपासच्या शेतांवरही खेळपट्ट्या तयार केलेल्या असतात. शेकडो किलोमीटरवरून लोक येतात. म्हणजे खेळायची इच्छा आटलेली नाही; सहा महिने, दर शनिवार ही मागणी जड झाली आहे. महाराष्ट्रातील चषक स्पर्धाही दोन-चार दिवसांच्या, सहा-आठ षटकांच्या सामन्यांच्या आणि बक्षिसाच्या असतात. मात्र अशा स्पर्धा क्लब चालवत नाहीत, मुलांना वर्षभर शिकवत नाहीत आणि खेळपट्टी सांभाळत नाहीत. जत्रा हवी, पण तिच्यावर गावाचा बाजार चालत नाही.

मग तुमच्या मते संघटनांनी काय करावे?

सर्व ग्रेडना एकच पट्टी लावणे थांबवावे. पहिल्या ग्रेडमध्ये मोसमातील निदान चार-पाच सामने दोन शनिवारांचे ठेवावेत आणि ते सुगी आटोपल्यावर, जानेवारीनंतर खेळवावेत. दुसऱ्या ग्रेडमध्ये ४० षटकांचे. सर्वांत खालच्या ग्रेडमध्ये ३० किंवा ३५ षटकांचे सामने, नऊ-नऊचे संघ, चाळीस धावांवर निवृत्ती आणि प्रत्येकाला किमान दोन षटके गोलंदाजी, असे नियम असावेत. त्या ग्रेडमध्ये गुणतक्त्यापेक्षा सामना होणे महत्त्वाचे, म्हणून एखाद्या संघाकडे माणसे जास्त असतील तर त्यांनी समोरच्याला दोन उसनी द्यावीत आणि त्यासाठी परवानगीचे कागद मागू नयेत. फुटबॉल संघटनेबरोबर बसून नोव्हेंबर ते जानेवारी सरावाच्या संध्याकाळी वाटून घ्याव्यात. आणि सोळा ते अठरा वर्षांच्या फिरकी गोलंदाजांसाठी एकदिवसीय सामन्यातील षटकांची मर्यादा सैल करावी. ज्या मुलाला दहाव्या-अकराव्या षटकात लय सापडते त्याला आठव्या षटकाला थांबवू नये.

मी छोट्या शहरात नुकताच राहायला आलो आहे. सुरुवात कशी करावी?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्लबचे नोंदणीचे दिवस असतात; नोंदणी आता प्लेएचक्यू या संकेतस्थळावर होते. परंतु त्याआधी मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी नेटच्या सरावाला सरळ जाऊन उभे राहावे. कोणी ना कोणी हातात चेंडू देईलच. आपल्याला सर्व शनिवार जमणार नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगावे, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. शुक्रवारी रात्री उशिरा नकार कळवण्याचे मात्र वाटते. पहिल्या वर्षी सगळे साहित्य विकत घेण्याची गरज नाही, क्लबच्या पिशवीत बॅट आणि पॅड असतात. हेल्मेट तेवढे स्वतःच्या मापाचे आणि बीएस ७९२८:२०१३ या मानकाचे घ्यावे. उन्हासाठी रुंद काठाची टोपी, पाण्याची दोन लिटरची बाटली आणि चहापानाच्या टेबलावर ठेवायला काहीतरी घरचे सोबत न्यावे. आमच्याकडे बटाटेवड्यांचा डबा दुसऱ्या डावाची सुरुवात होईपर्यंत टिकत नाही.